लाल अंबाडीची बोंडं: सोलापूरच्या हवेत पेरणी, तोडणी, वाळवणी

दिवाळी झाली की मला दरवर्षी तेच फोटो येतात. कंबरेएवढं हिरवंगार झाड, पाला भरपूर, बोंडं मोजून सात-आठ. खाली प्रश्न ठरलेला: "खत कमी पडलं का?" खत कमी पडलेलं नसतं. बहुतेक वेळा पेरणीची तारीख चुकलेली असते, नाहीतर पाल्यासाठी झाड ओरबाडलेलं असतं. दुसरा फोटो वाळवलेल्या बोंडांचा येतो. रंग मातकट आणि बरणीत बुरशी. दोन्ही चुका टाळता येतात, पण त्या होतात त्याच्या आधीच्या पायरीवर. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. सुदानच्या कोर्दोफान भागात ते वाळूमिश्र जमिनीत, नुसत्या पावसावर घेतात. एवढंच लक्षात ठेवा, कारण आपली काळी जमीन याच्या अगदी उलट आहे आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

टप्पा १: बी कोणतं आहे ते आधी बघा

'अंबाडी' या एका नावाखाली बाजारात किमान दोन-तीन झाडांचं बी मिळतं. एक वाखाची अंबाडी. तिच्या खोडाला बारीक काटे असतात, पानं बोटांसारखी फाटलेली असतात आणि बोंड कोरडं, टोचरं असतं. दुसरी भाजीची हिरव्या देठाची. पाला आंबट आणि चांगला, पण बोंडावर गर नाही. तिसरी आपल्याला हवी ती: देठ लाल, खोड गुळगुळीत आणि बोंडाभोवती जाड, रसरशीत लाल आवरण. शरबत, चटणी, जॅम सगळं या आवरणाचं होतं. शास्त्रात त्याला निदलपुंज म्हणतात, आपण पाकळ्या म्हणू.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत गोंगुरा किंवा पुंटीकूर म्हणून आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत पुंडी म्हणून जी जुडी येते, ती खायला उत्तम असते. पण तिचं बी लावून लाल बोंडं येतीलच असं नाही. म्हणून नियम साधा: ज्या झाडाची बोंडं डोळ्यांनी पाहिलीत, त्याचंच बी घ्या. ही अंबाडी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, त्यामुळे चांगल्या झाडाचं बी सहसा दगा देत नाही.

आणि हो, ही जास्वंद नव्हे. कुळ एकच, पण देवाला वाहायच्या जास्वंदीच्या पाकळ्या वाळवून हा आंबट लाल चहा होत नाही. दर हिवाळ्यात कोणीतरी करून बघतंच.

तपासणी: दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवा. फडकं सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांत सात किंवा जास्त बियांना मोड आले तर बी चांगलं. चार-पाचच आले तर एका ठिकाणी तीनऐवजी पाच बिया टाका. त्याहून कमी आले तर बी बदला.

टप्पा २: जागा

पेरणीच्या निदान तीन आठवडे आधी हे काम उरका. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या मातीत खड्डे खणणं म्हणजे कमरेला शिक्षा.

जमीन मुरमाड, हलकी असेल तर फार करायचं नाही. तीन फुटांवर एकेक फुटाचा खड्डा घ्या, त्यात एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा, झालं. जमीन भारी काळी असेल तर खड्डा करू नका. त्या खड्ड्याचं डबकं होतं आणि मूळ कुजतं. वीतभर उंचीचा गादीवाफा किंवा वरंबा करा, खत त्यातच मिसळा आणि बाजूने पाणी निघून जाईल असा चर काढा. सोलापूरला पाऊस एकूण कमी, हे खरं. पण सप्टेंबरात तो दोन दिवसांत असा कोसळतो की चिबड जागेतली झाडं उभ्या उभ्या माना टाकतात. चर त्या दोन दिवसांसाठी काढायचा.

मागच्या हंगामात जिथे भेंडी किंवा कापूस होता ती जागा सोडा. तिघंही एकाच कुळातली. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तिथे आधीच वस्तीला असतात.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी: भांडं निदान 40 लिटरचं घ्या, तळाला भोकं पाडा. दोन भाग लाल किंवा मुरमाड माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात वीट होते आणि कडेने भेगा पडून पाणी थेट खाली जातं. माती भिजल्यासारखी दिसते, मूळ मात्र कोरडंच राहतं.

⚠ रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा शेजारच्या हॅलोजनचा उजेड रात्रभर झाडावर पडत असेल तर ती जागा नको. कारण पुढच्या टप्प्यात कळेल.

टप्पा ३: पेरणीची तारीख

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

अंबाडीला फुलायचं कधी हे खत ठरवत नाही, पाणी ठरवत नाही. दिवसाची लांबी ठरवते. सोलापुरात जूनच्या अखेरीस दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, सप्टेंबरच्या शेवटी तो बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास उतरतो. दिवस लहान होत गेला, रात्र लांबली, की झाड वाढ आवरतं घेऊन फुलाकडे वळतं. आपल्याकडे ही वेळ ऑक्टोबरात येते. झाड चार फुटांचं असो नाहीतर एक वितीचं, ऑक्टोबर आला की ते फुलणार. म्हणजे तुमच्या हातात काय राहतं? ऑक्टोबरच्या आधी झाडाला अंग धरायला किती दिवस मिळतात, तेवढंच.

आता हिशोब बघा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं तर झाडाला तीन महिन्यांहून जास्त मिळतात, फांद्या भरपूर सुटतात, बोंडं भरपूर लागतात. सप्टेंबरात पेरलं तर गुडघ्याएवढ्या काडीला फुलं येतात. मग कितीही शेणखत घाला, काडी ती काडीच. उलट मे महिन्यात घाईने लावलं तरी फुलं लवकर येत नाहीत. उन्हाळाभर पाणी घालत बसायचं आणि झाड उगाच उंच, लाकडी होऊन सप्टेंबरच्या वाऱ्यात आडवं पडायचं.

म्हणून बोंडांसाठी पेरणी आर्द्रा ते पुष्य, म्हणजे 22 जून ते जुलैअखेर. त्यातही आर्द्रा-पुनर्वसू, म्हणजे साधारण 19 जुलैपर्यंत, उत्तम. पाऊस लांबला तर वाट बघत बसू नका. कुंडीत किंवा पिशवीत रोपं करा आणि तीन-चार आठवड्यांची झाली की लावा. गेलेले दिवस तेवढ्यापुरते वाचतात.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत उशीर झालाच तर अंतर कमी करा. तीन फुटांऐवजी दीड फूट. झाडं लहान राहतील, बोंडं झाडागणिक कमी येतील, पण झाडं जास्त असल्यामुळे थोडंफार हाती लागतं. सप्टेंबरनंतर पेरलेली अंबाडी भाजीची समजा आणि तशीच खुडा.

दिव्याचं कारण हेच. झाड रात्र मोजतं. रात्रभर उजेडात उभ्या असलेल्या फांद्यांना रात्र लांबल्याचं कळत नाही आणि फुलं लांबतात. एका ओळखीच्यांच्या गच्चीत दिव्याकडची बाजू नुसती पाल्याची आणि भिंतीआडची बाजू बोंडांनी लगडलेली, असं एकच झाड मी पाहिलंय.

टप्पा ४: टोकणी आणि विरळणी

1. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी तरंगणारं काढून टाका.
2. जमिनीत वापसा, म्हणजे बेताची ओल, असताना टोका. चिखलात नाही, धुळीत नाही.
3. तीन-तीन फुटांवर, अर्धा ते एक इंच खोल, एका ठिकाणी तीन बिया.
4. वर मातीऐवजी चाळलेलं शेणखत मूठभर टाका. काळ्या मातीवर जोराचा पाऊस पडून वरून ऊन आलं की पापडी धरते आणि कोवळा कोंब त्याखालीच गुदमरतो. शेणखताची पापडी धरत नाही.
5. चार ते सात दिवसांत उगवण दिसते. रोपं वीतभर झाली की एका ठिकाणी एकच ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना ठेवायच्या रोपाचं मूळ हलतं.

विरळणी करताना हात जड होतो, ठाऊक आहे. "दोन्ही छान आहेत, राहू दे" असं म्हणून दोन ठेवली की दोन्ही किडमिडी होतात.

टप्पा ५: पाल्याची झाडं वेगळी ठेवा

ज्या झाडाची बोंडं हवीत त्या झाडाचा पाला भाजीला ओरबाडायचा नाही. घरात अंबाडीची भाजी लागतेच, तर बाजूला एक छोटा वाफा करा, सहा इंचांवर ओळी पाडून दाट पेरा आणि तो खुडत राहा. माझ्या घरी हा वाफा नव्हता तोवर दर रविवारी बोंडांच्या झाडांवर धाड पडायची.

बोंडांच्या झाडाचा शेंडा मात्र एकदा खुडायचाच. झाड फूट-दीड फुटाचं झालं की वरची दोन-तीन इंचं काढा. तीन-चार फांद्या फुटतात आणि बोंडं फांदीवरच, पानांच्या बगलेत लागतात. फांद्या जास्त तितकी बोंडं जास्त. वाढ जोमात असेल तर ऑगस्टच्या मध्याला त्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडता येतात.

⚠ ऑगस्ट संपला की शेंड्याला हात लावू नका. आमच्याकडे सोपी खूण आहे: गणपती बसले की खुडणं बंद.

खुरपणी तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. दुसऱ्या खुरपणीला बुंध्याला मातीची भर द्या आणि काठी रोवून सैल बांधा. खत म्हणून त्याच वेळी दोन ओंजळी गांडूळखत पुरे. युरियाच्या भानगडीत पडू नका. पाला तरारतो, फुलं मागे पडतात.

किडींचं थोडक्यात. शेंड्याला मावा दिसला तर पाण्याची धार मारा, राहिलाच तर निंबोळी अर्क. पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसासारखा बगलेत बसतो, ती फांदी सरळ कापून जाळा. तो बोंडाच्या पाकळ्यांत शिरला की धुऊनही निघत नाही. फुलं लागल्यावर कोणतंही रासायनिक औषध मारू नका. आपण बियांभोवतीचं आवरणच खाणार आहोत, सोलून टाकायला त्यावर दुसरी साल नाही.

टप्पा ६: फूल, मग बोंड, मग तोडणी

ऑक्टोबरात पिवळट, मधे गडद लाल डोळा असलेली फुलं दिसू लागतात. सकाळी उमलतात, त्याच दिवशी मिटतात. ती तोडू नका. फूल गळून पडल्यावर मागे जे फुगतं ते आपलं. या काळात झाड कोमेजू देऊ नका, कळ्या गळतात. भारी जमिनीत आठ-दहा दिवसांनी पाणी पुरतं, कुंडीला रोज किंवा दिवसाआड.

फूल मिटल्यापासून पंधरा ते वीस दिवसांत बोंड तयार होतं. मी पहिल्या काही फुलांना रंगीत दोरा बांधून तारीख लिहितो, म्हणजे डोळ्याला सवय होते. नंतर दोऱ्याची गरज पडत नाही.

तपासणी: बोंड बोटांनी वाकवलं की देठातून 'टक्' करून सुटलं पाहिजे. कात्री लागली तर उशीर झाला. एक बोंड कापून बघा. आतलं फळ हिरवं आणि बिया पांढऱ्या, मऊ असतील तर वेळ बरोबर. फळ तपकिरी होऊन तडकायला लागलं तर पाकळ्या चिवट झाल्या आणि फळावरची बारीक लव आता हाताला आणि घशाला खाजवणार.

सगळी बोंडं एकदम तोडायची म्हणून थांबणं ही फार मोठी चूक. खालची आधी तयार होतात, वरची नंतर. दर चार-पाच दिवसांनी, दव सुकल्यावर फेरी मारा. तोडत राहिलं की झाड पुढेही देत राहतं. डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरायच्या आत, तोडणी आटोपते.

टप्पा ७: धुणं, बी काढणं, वाळवणं (याच क्रमाने)

क्रम उलटा केला की रंग गेला. आधी धुवा, मग कापा. कापलेल्या पाकळ्या पाण्यात पडल्या की रंग आणि आंबटपणा पाण्यात उतरतो. अख्खी बोंडं दोनदा पाण्यातून काढा, भिजत ठेवू नका, जाळीत निथळा आणि टॉवेलवर पसरा. टॉवेल जुना घ्या. हा डाग धुऊन जात नाही, हे चांगल्या चादरीवर शिकायची गरज नाही.

नंतर देठाकडून गोल चीर द्या आणि आतलं फळ अंगठ्याने वर ढकला. बोंडं जास्त असतील तर फळ जेमतेम आत मावेल अशा मापाचा स्टीलच्या नळीचा तुकडा घ्या, एक कड घासून धारदार करा आणि देठाकडून दाबा. हात भराभर चालतो. निघालेली हिरवी फळं टाकू नका, जॅमला लागतात.

वाळवताना:

- सावलीत, वारं खेळतं अशा जागी. कडक उन्हात पाकळ्या लवकर वाळतात, पण रंग विटतो.
- जाळीवर किंवा सुतळीच्या बाजेवर पातळ फडकं टाकून, एकच थर. फरशीवर किंवा प्लॅस्टिकवर नाही, खालच्या बाजूला घाम धरतो.
- वरून मलमलचं फडकं. आसपास साखर कारखाना असेल तर गाळप सुरू झालं की काजळी पडते, तिथे हे फडकं सोडूच नका.
- संध्याकाळी आत आणा. दवाने दिवसभराची मेहनत वाया जाते.

नोव्हेंबर-डिसेंबरची आपली कोरडी हवा यासाठी फार सोयीची. चार ते सहा दिवसांत काम होतं. वजन साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे किलोभर ताज्या पाकळ्यांचे शंभर ग्रॅम. पहिल्यांदा करणारा हमखास विचारतो, "बाकीचं कुठे गेलं?"

तपासणी: पाकळी वाकवली की कटकन मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर अजून ओल आहे. खात्रीसाठी मूठभर पाकळ्या काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर दमटपणा दिसला किंवा पाकळ्या मऊ पडल्या तर सगळा माल पुन्हा दोन दिवस पसरा. बुरशीचे फोटो पाठवणाऱ्यांपैकी ही परीक्षा केलेला मला अजून कोणी भेटलेला नाही.

साठवण काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात.

टप्पा ८: वापर

आधी भांडं. पदार्थ आंबट आहे, म्हणून ॲल्युमिनियम, तांबं आणि कल्हई नसलेलं पितळ नको. स्टील किंवा काच.

शरबत: एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, मग 15 ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या टाकून झाका. दहा-बारा मिनिटांनी गाळा. पाकळ्या घालून खळाखळा उकळलं तर तुरटपणा येतो. साखर गरम असतानाच विरघळवा, शंभर ग्रॅमपासून सुरुवात करून चव बघा. गूळ चालतो, पण रंग तपकिरी दिसतो. दूध घालू नका, फाटतं.

जॅम: अर्धा किलो ताज्या पाकळ्या. काढलेली हिरवी फळं अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा. ते पाणी चिकट होतं, जॅम त्यानेच आळतो, वेगळं काही घालावं लागत नाही. त्या पाण्यात पाकळ्या पूर्ण मऊ शिजवा, मगच गराच्या वजनाइतकी साखर. साखर आधी पडली की पाकळ्या चिवट राहतात. गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने ढकला, सुरकुती पडली की उतरवा.

चटणी: ताज्या पाकळ्या थोड्या तेलावर हिरवी मिरची, लसूण, जिऱ्याबरोबर परता, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो. चिंच, लिंबू काही नको. ही चटणी कडक भाकरीबरोबर खा.

पाल्याची भाजी: पाला उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून पाणी काढून टाका, आंबटपणा बेताचा होतो. तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या आधी वेगळ्या शिजवा. कुकरात पाला आणि डाळ एकत्र लावली की पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येते, आंबटात ती शिजत नाही. शिजलेलं एकत्र घोटा, वरून लसणाची चरचरीत फोडणी.

⚠ रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे शरबत रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, रक्तदाब आणखी उतरू शकतो. गरोदरपणी टाळलेलं बरं. मुतखड्याचा त्रास असेल तर पाला जपून.

टप्पा ९: पुढच्या वर्षीचं बी

सुरुवातीलाच दोन चांगली झाडं दोरा बांधून बाजूला काढा आणि त्यांची पहिली, ठसठशीत बोंडं तोडू नका. ती झाडावर तपकिरी होऊन तडकायला लागली की कागदी पिशवीत काढा. लाल ढेकण्या हा किडा याच वेळी बियांवर टपलेला असतो, म्हणून पूर्ण उकलायची वाट बघू नका. बी सावलीत वाळवा, चाळलेल्या राखेत घोळून बाटलीत भरा.

झाडं उपटताना मुळं बघा. गाठी दिसल्या तर ती मुळं शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळा. त्या जागी पुढे झेंडू लावा, भेंडी नाही. बाटलीवर वर्ष लिहा, आणि बी कोणत्या वाफ्यातलं तेही. जूनमध्ये ते कोणालाच आठवत नाही.